आमच्याकडचा माल

कोरोनाचं तिसरं वर्ष. मला तो दोनदा होऊन गेला होता आणि दमणूक आणि खोकला काही अंगातून जायचं नाव घेत नव्हते. नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आलेली मी, बरीच वर्षं घरी बसून शेवटी हार्लेमच्या एका छोट्या व्यापारी कंपनीत चिकटले होते. बॅटरीला लागणारं ग्रॅफाइट एकाकडून घ्यायचं, दुसऱ्याला विकायचं. ऑफिस म्हणजे अ‍ॅमस्टेलव्हीनमधलं माझं स्वयंपाकघर, आणि नोकरी वर्षाच्या करारावर.

त्यात अमेरिकेने नियम काढला. विजेच्या गाडीवर करात सूट हवी, तर बॅटरीतली खनिजं कुठून आली ते दाखवा. चिनी असतील तर पुढे सूट विसरा. झालं! जो तो विचारायला लागला, मूळचं कुठलं? जणू स्थळच बघायला आलेत.

आमचा एक पुरवठादार नागपूरकडचा. साठीचे गृहस्थ, मला ताई म्हणायचे, मी काका म्हणायची. लॉकडाऊनने त्यांच्या कारखान्याचं कंबरडं मोडलं होतं. कोरियातल्या बॅटरीवाल्यांची ऑर्डर मिळाली तरच तो चालणार होता, आणि बॅटऱ्या अमेरिकन गाड्यांत जाणार म्हणून त्या कोरियनांना चिनी माल नको होता.

"माल कुठला, काका?"

"आमच्याकडचाच हो, ताई! अगदी निर्धास्त राहा."

मी ऑर्डरच्या कागदावर 'मूळ भारत' असं लिहायलाही घेतलं. मग हात थांबला. अहो, सून कुठलीही असो, लग्नानंतर ती 'आमच्याकडची'च की! परत फोन लावला. "काका, खाणीतून निघाला कुठे?"

"दगड चीनमधून येतो, ताई. दळतो, धुतो आम्ही. मी खोटं कुठे बोललो?"

नव्हतेच बोलले. मला भयंकर राग आला, पण करू काय? कंपनीच्या मालकाला सांगितलं. "वाचलो," म्हणत त्याने ऑर्डर दुसऱ्याला दिली. काकांना कळवायचं काम माझ्याच गळ्यात, मराठी मलाच येते ना! ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "बरं. माणसांना आजच सांगून टाकतो मग, उगाच आशेवर राहतील. तुम्ही जपा, खोकला वाईट आहे तुमचा."

मालकाने खूश होऊन माझी नोकरी कायम केली. संध्याकाळी नवरा हौसेने पेढे घेऊन आला. त्याच्यावरच खेकसले, "कुणाच्या नावाने वाटू?"