चादरीतलं भोक

परवा थंडीत चादर ओढून घेताना बोट तिच्या भोकात गेलं आणि भवानी पेठेतली ती दुपार आठवली. धाकट्या मुलाची गाण्याची टोळी मोडणार होती. हा बेंबीच्या देठापासून ओरडायचा, त्यालाच ते गाणं म्हणायचे. ड्रम बडवणारा त्याच संध्याकाळच्या गाडीनं नोकरीला परगावी निघालेला, म्हणून शेवटच्या अल्बमचं शेवटचं गाणं आमच्या चादरीच्या कारखान्याच्या शेडमध्येच रेकॉर्ड करायचं ठरलं. शेजारच्या मागांची खडखड आत येऊ नये म्हणून भिंतींना चादरी लावतो, असं धाकटा म्हणाला, मी हो म्हणालो. आत गेलो तर कोऱ्या चादरींचा कांजीचा वास, घामानं निथळणारी पोरं, डोळे मिटून ओरडणारा धाकटा, आणि नव्या चादरींना ठोकलेले खिळे! माझं कपाळ तडतडायला लागलं. ड्रमवाल्यानं मला बघून मानेनंच 'नको, नको' केलं, हात मात्र थांबवले नाहीत. गाणं बिघडलं तर पुन्हा वेळ नव्हता. मी दात आवळून उभा राहिलो. शेवटचा ठोका पडला, तो घुमत असतानाच तोंडातून निघालं, "आरं, चादरीला खिळं कुणी मारलं रं?" धाकट्यानं डोळे उघडले. "आप्पा, रेकॉर्डिंग अजून चालू हाय की!" "परत करायचं का?" एकानं विचारलं. "माझी गाडी चुकंल," ड्रमवाला म्हणाला. धाकट्यानं शेवट पुन्हा ऐकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आमच्या सगळ्यांपेक्षा आप्पाच जोरात ओरडलेत." त्या अल्बमचा शेवट अजून माझ्याच आवाजानं होतो. पण चादरीला खिळा मारत नसतात, हे मी आजही म्हणतो.