उजवा कौल

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी, आजरा तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळात, देवीच्या मूर्तीला चिकटवलेल्या दोन पाकळ्यांपैकी उजवी पाकळी खाली पडली. घटना एवढीच.

मी कोल्हापुरात एका दैनिकात उपसंपादक आहे. चमत्काराची बातमी आली की ती माझ्या टेबलावर येते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. अण्णा अडून बसले — "देवीनं कौल दिल्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाय."

आमच्याकडे कौल लावण्याआधी पोथीचा अध्याय वाचतात. मग गुरव एकाच फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतात आणि देवीला गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

दोन ओव्यांतच अण्णांना धाप लागली. उरलेली पोथी मी वाचली, भरभर. गाऱ्हाणं अण्णांनी घातलं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं तरी एकही पाकळी हलली नाही.

"तात्या, अजून किती वेळ?" मी गुरवांना विचारलं.

"पेपरवाले, देवीला डेडलाइन नसती."

"गप हाय म्हंजे नको म्हणतीया," अण्णा म्हणाले आणि खांबाला धरून उठू लागले.

"बसा की," तात्या म्हणाले. "चूक आपलीच झाली. जो वाचतोय त्यानंच मागायचं असतंय. पोथी लेकानं वाचली, गाऱ्हाणं तुम्ही घातलासा. देवीनं कुणाला सांगायचं?"

"त्याचा इश्वास न्हाय."

"मग तसंच सांगू दे तिला."

मी अध्याय पुन्हा वाचला. या वेळी सावकाश, प्रत्येक शब्द मला स्वतःला ऐकू येईल असा. मग म्हणालो, "आई, माझा तुझ्यावर विश्वास नाही. पण अण्णा तुझंच ऐकतात. ऑपरेशन करू का, ते सांग."

मी पोथी मिटून ठेवली. मग उजवी पाकळी पडली.

"चल," अण्णा म्हणाले, "गाडी काढ."

गाभाऱ्यात पंखा नाही. दार एकच, आणि समईची ज्योत हलत नव्हती — हे मी तिथेच पाहून घेतलं. दोन्ही पाकळ्या एकाच जास्वंदीच्या, पाणी एकाच तांब्यातलं. वाळून पडली म्हणावं, तर डावीही त्याच वेळी लावलेली होती. मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

डावी पाकळी दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत जागेवरच होती. तात्यांनी ती हातानं काढली. ऑपरेशन कोल्हापुरात झालं. गेल्या मंगळवारी त्याच देवळात अण्णांनी अख्खा अध्याय स्वतः वाचला, मधे न थांबता.