सुरगाठ

आमच्या घरात निरगाठ मारायला बंदी होती. गावाहून आलेलं तांदळाचं पोतं असो, आजीच्या परकराची नाडी असो की माझ्या शाळेच्या बुटांची लेस, गाठ सुरगाठच हवी. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. कुणी चुकून निरगाठ मारलीच, तर आजोबा ओरडत नसत. हातातलं काम टाकून ती सोडवत बसत. समोर ताट गार झालं तरी उठत नसत. फौजेतनं माणूस धड परत आला पण हे खूळ बरोबर घेऊन आला, असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांना पदक मिळालं होतं. जखमी जोडीदाराला पाठीवर बांधून त्यांनी बर्फातून खाली आणलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. विक्रोळीच्या आमच्या चाळीत, आणि पुढे चाळीच्या जागी टॉवर आला तिथेही, कुणी पदकाबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "हमाली केली, त्याचं दिलं." सोसायटीचा झेंडा बांधायचं काम मात्र त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवायच्या आणि वर त्यांची ती सुरगाठ. अध्यक्षांनी दोरी ओढली की झेंडा एका हिसक्यात उलगडायचा.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्या पंधरा ऑगस्टला ते इस्पितळात होते. झेंडा कमिटीतल्या उत्साही मंडळींनी बांधला आणि वाऱ्याने सुटू नये म्हणून चांगली घट्ट निरगाठ मारली. झालं, वाट लागली. अध्यक्ष ओढतायत, गाठ आणखी आवळतेय, सगळे सावधान उभे, आणि राष्ट्रगीत सुरू करायचं की थांबायचं कुणालाच कळेना. शेवटी वॉचमन शिडी लावून चढला. वडिलांनी हा किस्सा इस्पितळात रंगवून सांगितला. आजोबा सोडून सगळे हसले. सव्वीस जानेवारीचा झेंडा मी बांधणार, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

कमिटीने गोड निरोप धाडला की काकांनी आता खुर्चीत बसावं, दोरी त्यांच्याच हस्ते ओढू. हा मान त्यांनी साफ नाकारला. घरी आल्यापासून खिडकीच्या गजाला पायजम्याची नाडी लावून ते डाव्या हाताने आणि दातांनी सराव करायला बसले. गाठ बसायची नाही. हनुवटीवरून लाळ गळायची, ती पुसायलाही ते थांबत नसत. आजीच्या परकरांच्या नाड्या एकेक करून गायब झाल्या, तेव्हा घरात चांगलंच महाभारत झालं.

मला ते बघवेना. एका दुपारी मी नाडी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि म्हटलं, मला येते ना गाठ, मी बांधते, कशाला जिवाला त्रास?  त्यांनी अडखळत, आपल्या मालवणीत, जे आजीलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"त्येका पाठीक बांधलंय तेव्हा हात गारठलेले. निरगाठ बसली. खाली इलंय, डाक्टर समोर उभो, आणि माका गाठ सुटाना. शेवटी कापली. तवसर तो गेलेलो."

तो तसाही वाचला नसता, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे. आजोबांना ते पटलं नव्हतं. मी नाडी परत त्यांच्या हातात दिली. मला रडू आलं होतं आणि त्यांना ते आवडत नसे, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंड्याची घडी त्यांच्या मांडीवर होती. मी पुढे झाले तर म्हणाले, "माका जमतला. तू फक्त बोट धर." मी दोरीवर बोट धरलं. त्यांनी दातांनी फास ओढला. अध्यक्षांनी हिसका दिला आणि झेंडा उलगडला. सगळे वर बघत होते. आजोबा दोरीकडे बघत होते. उजवा हात उठेना, म्हणून त्यांनी डाव्याने सलाम केला.

गेल्या वर्षी ते गेले. खाली पार्किंगमध्ये तिरडी बांधायला घेतली होती. जाणती माणसं सुंभाला निरगाठी मारत होती. मी म्हटलं, सुरगाठी मारा. गावाहून आलेले चुलत आजोबा म्हणाले, वाटेत सुटेल, आणि बायकांनी यात पडू नये. मी फरशीवर बसले आणि मारलेल्या गाठी सोडवायला लागले. नखं दुखली, एक तुटलं. कुणीतरी मला उठवायला आलं, मी उठले नाही.  मग वडील माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी सुंभाचं दुसरं टोक धरलं. सगळ्या गाठी आम्ही दोघांनी पुन्हा मारल्या.

वाटेत काहीही सुटलं नाही. स्मशानात सवयीप्रमाणे कुणीतरी सुरी मागितली. मी पुढे झाले आणि एकेक टोक ओढत गेले. आजोबांची एकही गाठ कापावी लागली नाही.