डोळ्यांना बसायला जागा

कॉम्प्युटर लावायच्या आधी ती पदराने काच पुसायची आणि म्हणायची, "डोळ्यांना बसायला जागा ठेवावी, मावशी."

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात मी चहा करते, झाडलोट करते. चौथी शिकलेली. ती, म्हणजे मंडळाची वहिनी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. मंडळाची पत्रकं टाइप करायला यायची. तेव्हा घराघरांत रंगीत टीव्ही येत होते, मोठे फ्रिज येत होते. मंडळात कॉम्प्युटर आला. आणलाय तर पडदा भरा, असं सगळ्यांना वाटायचं.

तिने पडदा मोकळा ठेवला. फाइल, कचऱ्याची टोपली अशी मोजकी चित्रं, डाव्या कडेला, एकाखाली एक. मागे नुसता रंग.

"कोणता लावू, मावशी?"

"ओल्या तुरीच्या शेंगेचा."

हसली. माझा हात माऊसवर ठेवून तो रंग तिने माझ्याकडूनच लावून घेतला.

गणपतीच्या तोंडावर अध्यक्षांनी पडदाभर बाप्पांचा फोटो लावला. भोवती लुकलुकणारे दिवे. सकाळी तिने पाहिलं.

"साहेब, बाप्पांच्या मांडीवर कचऱ्याची टोपली आहे."

खरंच होती. मला हसू फुटलं.

"अच्छा, मग सरकवा ना, वहिनी!"

"सरकवली तर सोंडेवर फाइल येते. देवाला मखरात बसवा. इथे कामं करतात." आणि तिने पुन्हा हिरवा रंग लावला.

"कॉम्प्युटर मंडळाचा आहे. मनाला येईल तसा हात लावायचा असेल तर खोलीची किल्ली ठेवून जा," अध्यक्ष म्हणाले.

तिचा त्या खुर्चीवर किती जीव होता, ते मला ठाऊक. तरी तिने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या. "चलो."

गणपतीला मात्र आली. मखराला शेवंतीची एकच माळ लावली. येणारा जाणारा थांबून बघत होता. अध्यक्षही बघत होते. पण ती खुर्चीत पुन्हा बसली नाही.

पुढे लेकाबरोबर गुडगावला राहायला गेली. तिथेच वारली. मी रडले नाही. तिला आवडलं नसतं.

किल्ली आता माझ्याकडे असते. झाडून झालं की पदराने काच पुसते, अध्यक्षांनी लावलेला फोटो काढून टाकते, शेंगेचा रंग लावते. तेवढंच मला येतं.

"हे कोणी केलं?" अध्यक्ष ओरडतात.

"मी. किल्ली ठेवू?"

अध्यक्ष चहा मागतात.