आताच जेवून आलो

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे चिखलीकडच्या आमच्या छोट्या चर्चात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी संडे स्कूलची पाच-सहा वर्षांची अकरा पोरं माझ्याच पदरात टाकली.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर वाटायच्या रविवारी या पोरांना बाहेर निंबाखाली बसवत. मागे एकदा भाकरीचं ताट फिरत असताना एकाने "भाजी कुठं हाय?" असं खणखणीत विचारलं होतं. या खेपेला चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "अर्थ कळला असेल तर आत बसू देऊ. शनिवारी येऊन बघतो." पोरांना आत बसायचं होतं, आणि मला त्यांना बसवून दाखवायचं होतं.

मी घरून ज्वारीची भाकर नेली. ही खरी नव्हे, सरावाची, असं तीनदा बजावलं. मग सांगितलं, येशूने मरणाआधीच्या जेवणात शिष्यांना भाकर मोडून दिली आणि म्हणाला, माझ्या आठवणीसाठी हे करा. ज्याने त्याला पकडून दिलं, तोही त्या पंगतीत होता. पोरं गंभीर झाली. मी खूश.

शनिवारी पाळकसाहेब आले. पोरं ओळीने मांडी घालून बसलेली. त्यांनी पहिल्यापुढे तुकडा धरला. पोराने त्यावर हात आडवा केला.

"नाही, पोट भरलं हाय. आताच जेवून आलो."

दुसऱ्यानेही तेच, तिसऱ्यानेही. परक्याने काही दिलं की आधी नाहीच म्हणायचं, हे आमच्याकडे पोरांना बोलायला लागल्याबरोबर शिकवतात. मी डोळे वटारले, तर शेवटची पोरगी म्हणाली, "मले तर ढेकर बी आला."

पाळकसाहेबही इथलेच. परीक्षा विसरून ते सवयीने वाकले. "असं कसं? एक घास तरी घ्याच." लगेच अकरा हात पुढे आले.

झालं, माझी अब्रू गेली, असं मी मनात म्हटलं. पाळकसाहेबांनी त्या ढेकरवालीला विचारलं, "मग काय समजलं तुले?"

तिने घास गिळला. "आपण नाही म्हणलं तरी तो वाढते."

पाळकसाहेबांनी उरलेला तुकडा तिच्याच हातावर ठेवला. मग म्हणाले, "उद्या सगळे आत बसा."

रविवारी चर्चला निघताना नेमकं जाऊबाईशी माझं कडाक्याचं वाजलं. कारण काय, तर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या. मी तिला नाही नाही ते बोलले. आता ती माझ्या पुढच्याच बाकावर, आणि पोरं मागे, हाताची घडी घालून. मन एवढं करपलेलं असताना भाकरीला हात कसा लावायचा? मला स्वतःचीच लाज वाटत होती. ताट आलं, तशी मी नको म्हणून मान हलवली.

मागून पदर ओढला गेला. ढेकरवालीच होती.

"घ्या ना मॅडम," ती अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी कुजबुजली. "लाजता काऊन?"

पुढच्या बाकावर जाऊबाईचे खांदे हलायला लागले. ती वळली, तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी हात पुढे केला.