वाचून दाखवलेलं वाक्य

फोन आला तेव्हा मी विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासत बसले होते. नेरहून सरांच्या मुलीचा फोन. "बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. समोर जे पान उघडं होतं, त्यावर कुण्या पोरानं 'तज्ज्ञांच्या मते' असं लिहिलं होतं. कोणते तज्ज्ञ, कुठं म्हणाले, काही पत्ता नाही. सवयीनं मी शेजारी 'कोणी सांगितलं?' असं लिहिलं आणि मला रडू फुटलं. तो प्रश्न माझा नव्हताच, गावंडे सरांचा होता.

गावंडे सर आम्हाला तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.ला अर्थशास्त्र शिकवायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'पान नंबर' म्हणत, कारण तुम्ही काहीही सांगा, सरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या पुस्तकात, कोणतं पान? माझी त्यांच्याशी ओळखच फजितीतून झाली. पहिल्या निबंधाची संदर्भसूची मी सरळ सीनियरच्या वहीतून उतरवली होती. त्यांनी त्यांच्या सीनियरच्या. सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "काय वं, हे एकशे बारावं पान तं आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकात वाळवीनं कवाचंच खाल्लं. तू कुठी वाचलं मंग?" सगळा वर्ग हसला. मी लायब्ररीत जाऊन ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं, तर खरंच शंभरापासून पुढं नुसती चाळण. आमच्या कॉलेजात कित्येक बॅचेस ते पान न वाचता त्याचा हवाला देत आल्या होत्या. सर चिडले नाहीत. म्हणाले, "जे वाचलं तेच लिव्ह. चारच पुस्तकं झाली तरी चालते."

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात रोज कुठून तरी जीप यायची, कोणी तरी उतरून काही तरी विचारायचं, आणि पुढच्या आठवड्यात आमची माणसं कधी बोललीच नाहीत अशी वाक्यं त्यांच्या नावावर छापून यायची. आम्हाला राग यायचा. पण माझ्या हाती पेन आलं तेव्हा मी काय केलं? माझा शोधनिबंध कापूस वेचणाऱ्या बायांवर होता आणि तो अमरावतीच्या चर्चासत्रासाठी निवडला गेला होता. आमच्या घरातून तिथवर पोचणारी मी पहिलीच. निबंधातलं सगळ्यात झणझणीत वाक्य असं होतं: 'नव्या बियाण्याने आमचा रोजगार हिरावून घेतला, असे एका ज्येष्ठ मजूर स्त्रीने सांगितले.'

सरांनी विचारलं, "या बाईले नाव नाही का?"

मी कसंबसं म्हटलं, "माझी आई आहे, सर." मला लाज वाटत होती. सूचीत मोठमोठ्या प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या रांगेत दुसऱ्याच्या शेतात वेचायला जाणारी, अंगठा उठवणारी माझी आई... हे लिहायचं कसं?

"मंग तं नाव पायजेच," सर म्हणाले. "आन पुस्तकाचं पान आपण उघडून पायतो, तसं आईलेही विचारा लागन. मी येतो."

मला वाटलं गंमत करताहेत. पण पुढच्या रविवारी सर एसटीनं खरंच आमच्या गावी, आमच्या वस्तीत उतरले. आई नुकतीच शेतातून आली होती, लुगड्याला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. शेजारून आणलेल्या खुर्चीवर सर बसले, आई उंबऱ्यात. सरांनी चष्मा लावला, माझं वाक्य सावकाश वाचून दाखवलं आणि विचारलं, "अनुसयाबाई, असं तुमी म्हटलं होतं का?"

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही, सर. मी इतलंच म्हटलं का आधी एका सालात कापसाचे चार-चार, पाच-पाच येचे होत, औंदा दोन येच्यातच पऱ्हाटी उलंगली. कापूसच नाही राह्यला झाडाले. काहून, ते मले नाही मालूम. बियाण्याचं पोरीनं आपल्या मनानं लिवलं."

जमीन दुभंगावी असं झालं मला. सरांनी तिथंच माझं वाक्य खोडलं आणि आईचं जसंच्या तसं लिहून घेतलं, 'मले नाही मालूम'सकट. मग तेही परत वाचून दाखवलं. आई म्हणाली, "हां, हे बरोबर हाये."

परतीच्या एसटीपर्यंत मी सरांना सोडायला गेले, पण रागातच. माझा निबंध त्यांनी पांगळा केला असंच मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, चर्चासत्राच्या दिवसापर्यंत मी त्यांच्यावर रुसून होते. सर हट्टी होतेच. त्यांच्या घरी भाजीवाल्याचीसुद्धा उलटतपासणी चाले आणि काकू वैतागत.

अमरावतीला मी आईचं वाक्य वाचलं आणि संदर्भ सांगितला: अनुसया तागडे, कापूस वेचणी मजूर, प्रत्यक्ष मुलाखत. पुढच्या रांगेत कोणी तरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "आईचं बोलणं हा काही संदर्भ होत नाही." तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सर उठले. "होतो," ते म्हणाले. "मी स्वतः जाऊन तपासला आहे. आपल्या सूचीतलं प्रत्येक पान इथं कोणी उघडून पाहिलं असेल, तर त्यांनी हसावं." मी पुढं वाचत गेले. त्या दिवशी आईच्या नावाची जी लाज गेली, ती पुन्हा आली नाही. याचं ऋण मी सरांना कधी नीट बोलूनही दाखवलं नाही, याची बोच आहे.

आता मी दिग्रसला शिकवते. आई माझ्याजवळच असते. हा लेख लिहून झाल्यावर, सरांच्या पद्धतीप्रमाणे, मी तो तिला वाचून दाखवला. तिनं डोळे मिटून सगळा ऐकला आणि एका जागी मला थांबवलं. "खुर्चीवर सर नाही बसले. मी आणली त्याहिच्यासाठी, पण त्याहिनं मले बसवलं. म्हणे, सांगनाऱ्या तं तुमी. ते खाली, पायरीवर बसले होते. तुह्यी मान खाली, तुले काय दिसनार?"

तर ही दुरुस्ती. वरची ओळ मी खोडलेली नाही, चूक कोणाची ते कळावं म्हणून.

आईचं तपासून झालं. पण या लेखात सरांच्या तोंडी जी वाक्यं मी लिहिली आहेत, ती कोणाला वाचून दाखवू? असं तुम्ही म्हटलं होतं ना, सर?... म्हणून शेवटी ही नोंद करते.

संदर्भ: गावंडे सर. आठवणीतून. पडताळता आले नाही.