जामनेरचे तीस कागद

दिनूभाऊ गेल्याचा फोन वहिनींचा होता. सकाळी जळगावच्या ऑफिसात पोचून मी डबा कपाटावर ठेवत होतो. "सुरेशभाऊ, गेले हे," एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं, मला हायसं वाटलं. तीन आठवड्यांपूर्वीच मी धुळ्याला जाऊन त्यांना सगळं सांगून आलो होतो. ते राहून गेलं असतं तर... हा विचार आधी आला. रडू नंतर आलं, पारोळ्याच्या पुढे, बसमध्ये.

दिनूभाऊ धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवत, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. बारा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात ओळख झाली. जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "इंग्रजी न येणाऱ्या पोरांना प्रोग्रॅम लिहिता येईल अशी भाषा करायची आहे. पार्सर लिहिशील का?" पार्सर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम वाचून त्याचा अर्थ लावणारा भाग. भाषेची रचना ते ठरवणार, ती यंत्राला कळेल असं मी करणार. मी हो म्हटलं आणि दर दुसऱ्या शनिवारी धुळ्याला, देवपुरातल्या त्यांच्या घरी जाऊ लागलो. भाषेला नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. फोल्डरवर 'नवी' असं लिहिलं होतं, ते तसंच राहिलं. नावाचा विषय काढला की म्हणायचे, "बारशाची घाई कशाला, आधी पोरगी बोलू तर दे."

लोकांना वाटतं, अशा कामात शब्द शोधणं अवघड. 'दाखव', 'जर', 'पुन्हा' हे आमचे शब्द एका दुपारीच ठरले. अडलो ते 'जर'च्या खालच्या ओळी कुठे संपतात हे कसं सांगायचं यावर. माझं म्हणणं, शेवटी 'संपलं' असं लिहायचं. भाऊंचं म्हणणं, त्या ओळी थोड्या आत सरकवून लिहिल्या की पुरे, जी ओळ बाहेर आली ती 'जर'ची नाही. चार शनिवार यावर गेले. वहिनी पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाल्या, "ती भाषा बोलायला लागली ना, तर पहिलं तुम्हा दोघांना गप्प बसा म्हणेल." माझ्या हट्टामागे तत्त्व कमी आणि आळस जास्त होता. 'संपलं' असलं की पार्सर लिहायला सोपा जात होता. हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

शेवटी भाऊ म्हणाले, "आपण कोण ठरवणारे? वाचणाऱ्याला विचारू." त्यांची पद्धतच ती होती. नियम कोणताही असो, तो कागदावर छापून शाळेत न्यायचा, आणि हा प्रोग्रॅम काय करेल ते मुलांकडून पेन्सिलीनं लिहून घ्यायचं. धुळ्याकडच्या दोन शाळा त्यांनी घेतल्या, जामनेरजवळची एक मला दिली, तीस कागदांसकट, प्रत्येकावर दोन्ही पद्धतींचे प्रोग्रॅम. मी गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, सराव परीक्षा चालू आहे, पुढच्या आठवड्यात या. पुन्हा एवढी खेप घालायचं माझ्या जिवावर आलं. जामनेरच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी बाकावर बसून ते तीसही कागद मीच भरले. अक्षर वेगवेगळं दिसावं म्हणून अर्धे डाव्या हातानं. चुकाही घातल्या, पण भाऊंच्या पद्धतीत जास्त आणि माझ्या पद्धतीत कमी.

भाऊंच्या दोन शाळांत कौल अर्धाअर्धा पडला होता. त्यांनी माझे कागद चाळले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक. 'संपलं' ठेवू."

भाषा उभी राहिली. शाळेतल्या तिच्या पहिल्या तासाला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. मुलं 'संपलं' लिहायचं विसरत आणि प्रोग्रॅम अडून बसे. नववीतल्या एका मुलीनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, वळी मजार लिखेल शेतस ना? मंग याले दखात नही का?" ओळी आत लिहिल्या आहेत, मग याला दिसत नाहीत का... मी बुटाच्या नाडीकडे बघत राहिलो. भाऊच म्हणाले, "आम्हीच शिकाडं नही त्याले, बेटा."

त्यानंतर मी धुळ्याला जाणं कमी केलं, मग बंदच. कारणं पुष्कळ होती. ऑफिसचं काम, मुलीची दहावी, कंबरदुखी. आठ वर्षं दिवाळीच्या फोनवर काढली. भाऊ "कधी येतोस?" विचारायचे आणि मी "येतो, येतो" म्हणायचो.

मग त्यांच्या आजारपणाचं कळलं आणि मला धडकी भरली. गेलो. पलंगावर उशीला टेकून बसले होते, हात काटकुळे झालेले. वहिनी आत गेल्या तसं मी सांगून टाकलं, "भाऊ, ते जामनेरचे कागद मी भरले होते. शाळेतून नुसताच परत आलो होतो."

ते हसायला लागले. "हात्तिच्या. तोंड असं करून आलास, मला वाटलं घरदार विकलंस की काय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस पोरं, डबे खाऊन बसलेली, आणि एकाच्याही कागदावर तेलाचा डाग नाही. कोपऱ्यात कुणी ट्रॅक्टर काढलेला नाही. अशी शाळा असती तर मी तिथेच बदली मागितली असती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू पळाला असतास. मला पार्सर हवा होता." मग उशीला नीट टेकत म्हणाले, "न बोलूनही पळालासच म्हणा."

मग ते पुढचं सांगू लागले. त्या मुलीनं विचारल्यावर ते स्वतः जामनेरला जाऊन आले होते. तिथली पोरं कधी 'संपलं' लिहीत, कधी ओळी आत घेत, कधी दोन्ही करत. "आपल्या भांडणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं रे. म्हणून आता दोन्ही चालतं. तू सोडून सगळ्यांना माहीत आहे."

त्या दिवशी परतताना मला एरंडोलपर्यंत गाढ झोप लागली. आठ वर्षं ज्या माणसाचं तोंड चुकवलं, त्यानं माझी चूक केव्हाच दुरुस्त करून टाकली होती. ती वर्षं वाया गेली याचं वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त हलकं वाटतं, आणि ते लपवावंसं आता वाटत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी त्यांची कामाची खोली उघडून दिली. "तुम्हीच बघा. मला त्यातलं काही कळत नाही." मी पार्सर उघडला. सगळं माझंच लिहिलेलं, आणि मध्येच भाऊंचा तुकडा. पार्सर लिहिणं हे त्यांचं काम नव्हे. माझ्याच ओळी उचलून, ठिगळावर ठिगळ लावून त्यांनी ते जमवलं होतं. वर टिपण होतं, आठ वर्षांपूर्वीच्या तारखेचं: 'कसंबसं चालतं. सुरेश आला की नीट करेल.' खाली पुढच्या वर्षीची तारीख: 'अजून आला नाही. चालतंय.' त्याच्याखाली आणखी एक, नुसतीच तारीख.

मी खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळपर्यंत भाऊंचा तो सगळा तुकडा नऊ ओळींत बसला. 'संपलं' लिहून प्रोग्रॅम चालवला, मग न लिहिता चालवला. दोन्ही चालले. मग भाऊंच्या टिपणाखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'आलो.'